पाणी जमिनीखालचं, पट्टी कशाची?

[दृश्य: ऑक्सनार्डच्या मैदानातली स्ट्रॉबेरीची शेतं, मागे समुद्र]

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिसच्या वायव्येला, पॅसिफिक महासागराला लागून व्हेंचुरा काउंटी, म्हणजे जिल्हा, आहे. स्ट्रॉबेरी, लिंबू, सेलरी पिकवणारा हा सगळा बागायती पट्टा. पाऊस हिवाळ्यापुरता, बाकी वर्षभर भिस्त विहिरींवर. उपसा इतका वाढला की गेल्या शतकाच्या मध्याला समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकू लागलं.

याला आवर घालणारी इथली सरकारी संस्था म्हणजे युनायटेड वॉटर कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट. पिरू खोऱ्यात तिचं धरण आहे. तिथलं पाणी सांता क्लारा नदीत सोडायचं आणि खाली साटिकॉयजवळ फ्रीमन बंधाऱ्यावर वळवून तळ्यांत घ्यायचं.

[दृश्य: उथळ तळी, कडेला गोटे, पाणी आत येताना]

आपण ज्यांना पाझर तलाव म्हणू, तशीच ही तळी. तळाला वाळू आणि गोटे. पाणी मुरतं, भूजलाच्या थरांत उतरतं आणि दूरदूरच्या विहिरींना लागतं. कोणाच्या मुरवण्याचं पाणी कोणाच्या विहिरीत आलं, हे वरून कोण सांगणार? पाण्याच्या पट्टीवरून पुढे जे भांडण पेटलं, त्याचं मूळ इथेच आहे.

या कामाचा खर्च निघतो बराचसा उपशावरच्या आकारणीतून. विहीरमालकाने दर सहा महिन्यांनी उपशाचं विवरण भरायचं. मोजमाप एकर-फुटात. एक एकर-फूट म्हणजे सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर.

आता खरी मेख. राज्याच्या जलसंहितेतलं कलम ७५५९४ सांगत होतं की शेतीखेरीज इतर वापराचा दर शेतीच्या दराच्या किमान तिप्पट, जास्तीत जास्त पाचपट ठेवा. डिस्ट्रिक्टने तिप्पट ठेवला. विहिरी उपसून नळाने घरोघरी पाणी पुरवणारं सान बुएनाव्हेंतुरा शहर, म्हणजेच व्हेंचुरा, यावर खवळलं. थर तोच, पाणी तेच. मग स्वयंपाकघरातल्या नळाने शेतकऱ्याच्या तिप्पट का मोजायचे? २०११-१२ आणि २०१२-१३ च्या दरांवरून शहर कोर्टात गेलं.

[दृश्य: विहिरीवरचा पंप, शेजारी मीटर]

शहराचा आधार होता १९९६ चा प्रस्ताव २१८. मतदारांनी कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच घातलेली ही दुरुस्ती. मालमत्तेशी निगडित सेवेचं शुल्क त्या जमिनीला सेवा पुरवण्याच्या खर्चाहून जास्त नको, असा तिचा दंडक. खालच्या कोर्टात शहर जिंकलं, अपिलात हरलं.

याआधी, २००७ मध्ये, कॅलिफोर्नियातल्याच पाहारो खोऱ्यातल्या अशाच आकारणीबद्दल अपील न्यायालयाने प्रस्ताव २१८ लागू होतो असं म्हटलं होतं. गंमत म्हणजे त्याच न्यायालयाने आधी उलटा निकाल दिला होता आणि फेरसुनावणीत तो फिरवला. न्यायाधीशांचीच अशी ओढाताण, तर विहीरमालकाला काय उमगणार?

४ डिसेंबर २०१७ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. थर एकमेकांना जोडलेले, पाणी सामाईक; तेव्हा भूजल राखणं ही एखाद्या जमिनीच्या तुकड्याला दिलेली सेवा नव्हे. म्हणून प्रस्ताव २१८ इथे लागू नाही.

डिस्ट्रिक्ट सुटलं, असं वाटेल. पण २०१० चा प्रस्ताव २६ वाट अडवून उभाच होता. त्याप्रमाणे स्थानिक संस्थेने घेतलेला पैसा मुळात करच धरायचा. तो कर नाही हे संस्थेनेच सिद्ध करायचं, आणि ज्याच्यावर जेवढा बोजा टाकला तो त्याला मिळणाऱ्या लाभाशी किंवा त्याने टाकलेल्या भाराशी जुळतो, हेही.

शेतकऱ्याची बाजू अगदीच पोकळ नाही. शेताला दिलेलं थोडं पाणी परत जमिनीत मुरतं, शहराचं बरंचसं गटारात जातं. पण म्हणून नेमकं तिप्पट? कायद्यात लिहिलंय एवढ्याने भागत नाही, वाटणी वाजवी आहे का ते तपासा, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा अपील न्यायालयाकडे धाडलं.