पाच आवाज, दोन नावं

(लाल लेबलची ४५ आरपीएम तबकडी: द टीनएजर्स या ग्रुपचं 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह'. सुई टेकते.)

आधी वाद्य नाही. खर्जातला एकच आवाज. हा शर्मन गार्न्स. बोलांना अर्थ काही नाही. आपल्या तराण्यात असतो तसा नुसता नाद. डू-वॉपची, म्हणजे अशा बोलांवर चालणाऱ्या समूहगायनाची, अर्धी मजा यातच आहे. मग बाकीचे येतात, आणि सगळ्यांच्या वर, उंच पट्टीत, फ्रँकी लायमन. वय १३. आवाज अजून फुटलेला नाही.

(न्यूयॉर्क, वॉशिंग्टन हाइट्स. शाळेची इमारत.)

ही स्टिट ज्युनिअर हायस्कूल. गार्न्स आणि जिमी मर्चंट कृष्णवर्णीय. हर्मन सँटिआगो आणि जो नेग्रोनी पोर्टो रिकन घरांतले. फ्रँकी आला सगळ्यांत शेवटी. तोवर पुढे उभं राहून गायचा तो सँटिआगो, हे लक्षात असू द्या.

वाद्यं घ्यायला पैसे होते कुणाकडे? त्या काळी न्यूयॉर्कच्या अशा पोरांची तालीम चालायची नाक्यावर, जिन्यात, शाळेच्या स्वच्छतागृहात. फरशीच्या भिंतींवरून आवाज घुमून परत येतो. आपला सूर शेजारच्याला चिकटलाय की सुटलाय, ते तिथल्या तिथे कळतं. एकाने खर्ज धरायचा, दोघा-तिघांनी मधली जागा भरायची, एकाने पुढे जायचं. कागद नाही, मास्तर नाही.

गाणं कुठून आलं? ग्रुपमधले सांगत आले ते असं: गार्न्सच्या इमारतीतल्या एका भाडेकरूने त्यांना जुनी प्रेमपत्रं दिली. त्यात एक ओळ होती, पक्षी इतके आनंदाने का गातात? तीवरून सँटिआगो आणि मर्चंट यांनी गाणं रचायला घेतलं.

(लेबलचा क्लोजअप.)

गायक रिचर्ड बॅरेटने त्यांना गी रेकॉर्ड्सच्या जॉर्ज गोल्डनरकडे नेलं. जानेवारी १९५६ मध्ये 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' बाजारात आलं. अमेरिकेच्या पॉप यादीत सहावा नंबर, ब्रिटनमध्ये पहिला. सुरुवातीच्या तबकड्यांवर कंसातली, गाणं लिहिणाऱ्यांची नावं वाचा: लायमन, सँटिआगो, गोल्डनर. मर्चंट इथेही नाही. कंपनीचा मालक मात्र आहे!

(जुनी फिल्म. स्वेटरवर 'टी' हे अक्षर. पाचही जण नाचतात.)

द टीनएजर्स. कॅमेरा कुणावर थांबतो ते बघा. बाकीचे चौघे कडेला, पण पाय एकाचाही चुकत नाही.

(थोडा वेळ फक्त गाणं.)

१९५७ मध्ये फ्रँकीला वेगळं काढलं गेलं. ते यश मग त्याला मिळालं नाही, ग्रुपलाही नाही. २७ फेब्रुवारी १९६८ ला हार्लेममध्ये हेरॉइनने तो गेला. वय २५.

(पुन्हा लेबल, नंतरची आवृत्ती.)

सँटिआगोचं नाव गेलं. पुढे गोल्डनरच्या जागी कंपनीचा नवा मालक मॉरिस लेव्ही आला. सँटिआगो आणि मर्चंट श्रेयासाठी कोर्टात गेले. १९९२ मध्ये ज्युरीने त्यांना सहलेखक ठरवलं. १९९६ मध्ये अपील कोर्टाने ते फिरवलं. दावा लावायची ३ वर्षांची मुदत केव्हाच टळली होती. श्रेय राहिलं लायमन आणि लेव्ही यांच्याच नावावर.