नळीतलं प्रथिन

लंडन, 1 नोव्हेंबर 1845. सेंट जॉर्ज हॉस्पिटलमधल्या हेन्री बेन्स जोन्स या तरुण डॉक्टरांकडे लघवीची एक नळी येते, सोबत चिठ्ठी. डॉ. थॉमस वॉटसन यांनी नळीतल्या द्रवाचं वर्णन करून शेवटी विचारलंय: हे आहे तरी काय?

लघवी थॉमस मॅकबीन या किराणा व्यापाऱ्याची. वर्षभरापूर्वी एका भुयारातून उडी मारून बाहेर येताना त्यांच्या छातीत काहीतरी तुटल्यासारखं झालं होतं. तेव्हापासून दुखणं मागे लागलं. डॉ. विल्यम मॅकिंटायर यांनी लघवी तपासली, तर आम्ल घालून आलेला साका तापवल्यावर विरघळे आणि थंड होताच पुन्हा दिसू लागे. असं वागणारं प्रथिन कुणाच्या पाहण्यात नव्हतं.

मॅकबीन 1 जानेवारी 1846 रोजी गेले. त्यांची हाडं मऊ आणि ठिसूळ झाली होती. हाडं अशी मऊ पडलेल्या इतर रुग्णांतही हे प्रथिन शोधावं, असं बेन्स जोन्स यांनी सुचवलं. कर्करोगाची प्रयोगशाळेत सापडलेली पहिली खूण ती हीच.

तिचा उलगडा व्हायला 1962 साल उजाडलं. जेराल्ड एडेलमन आणि जोसेफ गॅली यांनी दाखवलं, की हे प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाची सुटी ‘हलकी साखळी’. मॅकबीन यांना झालेल्या या कर्करोगात, म्हणजे मल्टिपल मायलोमात, अस्थिमज्जेतल्या प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा एकच वंश बेसुमार वाढतो आणि एकाच साच्यातलं प्रथिन रक्तात ओतत राहतो. हाडं झिजतात, कॅल्शियम चढतं, हिमोग्लोबिन उतरतं, मूत्रपिंडाच्या नलिका तुंबतात.

पण रुग्णाच्या घरच्यांचा प्रश्न वेगळाच असतो: पुढे काय?

1975 मध्ये ड्यूरी आणि सामन यांनी हिमोग्लोबिन, कॅल्शियम, एम-प्रथिन (म्हणजे तेच एका साच्यातलं प्रथिन) आणि हाडांच्या एक्स-रेवरून आजाराचे टप्पे पाडले. 2005 मध्ये दहा हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदींतून आंतरराष्ट्रीय पद्धत आली, आणि तिला रक्तातल्या दोनच गोष्टी पुरल्या. पहिली, बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन. ते मायलोमाच्या पेशींवरून गळतं आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. म्हणून आजाराचा भार वाढला तरी ते चढतं, मूत्रपिंड थकलं तरी चढतं. दुसरी, अल्ब्युमिन हे प्रथिन. आजाराच्या धगीत यकृत ते कमी बनवतं. ही तपासणी तर आपल्याकडे साध्या लॅबमध्येही होते. इतक्या साध्या आकड्यात इतकी माहिती दडलेली असावी, याचं मला अजूनही नवल वाटतं.

बीटा-2 लिटरमागे 3.5 मिलिग्रॅमच्या आत आणि अल्ब्युमिन डेसिलिटरमागे किमान 3.5 ग्रॅम, तर पहिला टप्पा. बीटा-2चं प्रमाण 5.5 किंवा त्याहून वर, तर तिसरा. बाकीचे सगळे दुसऱ्यात. त्या अभ्यासात तिसऱ्या टप्प्यातल्या निम्म्या रुग्णांना 29 महिन्यांहून अधिक आयुष्य लाभलं, पहिल्या टप्प्यातल्या निम्म्यांना 62 महिन्यांहून अधिक.

हे आकडे इंटरनेटवर वाचून घरं खचतात, म्हणून इथे थांबायलाच हवं. 29 महिने हा मधला आकडा आहे. निम्मे रुग्ण त्याच्या पुढे गेले. शिवाय ते त्या काळच्या उपचारांवरचे रुग्ण. आजची बरीचशी औषधं त्यांच्या वाट्याला आलीच नव्हती. टप्पा समूहाबद्दल बोलतो, समोरच्या माणसाची तारीख तो सांगत नाही.

2015 मध्ये या मोजमापात रक्तातलं एलडीएच हे विकर (एन्झाइम) आणि गुणसूत्रांतले बिघाड आले, विशेषतः सतराव्या गुणसूत्राचा तुटलेला तुकडा. तिथे आजाराचा स्वभाव कळू लागला. सुधारित पद्धतीत पहिल्या टप्प्यातले 82 टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते, तिसऱ्यातले 40 टक्के.

आता उपचारानंतर अस्थिमज्जेत लाखात एक आजारी पेशी उरली आहे का, तेही शोधता येतं. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने एकमताने कौल दिला, की नव्या औषधांच्या चाचण्यांत हा निकष लवकरचा पुरावा म्हणून धरावा. याचा फायदा थेट रुग्णांना आहे, कारण एखादं औषध गुणकारी आहे की नाही हे ठरवायला वर्षानुवर्षं थांबावं लागणार नाही.