कर्नलमधून व्हीएलए कसे गेले

[दृश्य: संपादकात सी भाषेच्या दोन ओळी]

पहिल्या ओळीत ‘एन’ला १० ही किंमत देऊन तो ‘कॉन्स्ट’ केला आहे आणि दुसऱ्या ओळीत त्याच ‘एन’ने ॲरेचा आकार ठरवला आहे. सी++ याला साधा ॲरे मानते. सी भाषेच्या नियमांत मात्र ‘एन’ हे कॉन्स्टंट एक्स्प्रेशन (कंपाइल करतानाच किंमत ठरणारी राशी) नाही, म्हणून फंक्शनच्या आत हा ॲरे व्हीएलए (व्हेरिएबल लेंग्थ ॲरे) ठरतो, म्हणजे त्याचा आकार प्रोग्रॅम चालताना ठरतो असे गृहीत धरले जाते.

[दृश्य: त्याच ओळी फंक्शनबाहेर; जीसीसीची लाल अक्षरे]

फंक्शनबाहेर तर जीसीसी हा कंपायलर त्या सरळ नाकारतो.

[दृश्य: लिनक्स कर्नलच्या फायलींची यादी]

सी भाषेच्या १९९९च्या मानकाने व्हीएलए आणले आणि २०११च्या मानकाने ते ऐच्छिक केले. ६४ बिटी एक्स८६ यंत्रावर लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, प्रत्येक थ्रेडला जेमतेम १६ केबी स्टॅक (फंक्शनमधील चले ठेवण्याची जागा) मिळतो. तिथे आधी न कळणाऱ्या आकाराचा ॲरे ठेवणे हा निव्वळ बेफिकीरपणा होता. २०१८मध्ये ते सगळे काढायचे ठरले, तेव्हा अडचण आली ती ॲरेचे आकार ठरवताना वापरल्या जाणाऱ्या, दोनांतील मोठी किंमत देणाऱ्या कर्नलच्याच ‘मॅक्स’ या मॅक्रोची. दिलेल्या किमती एकदाच मोजल्या जाव्यात म्हणून तो आत तात्पुरती चले तयार करीत असे, त्यामुळे दोन साधे आकडे दिले तरी निघणारी राशी कॉन्स्टंट एक्स्प्रेशन राहत नसे. कंपायलरमधला ऑप्टिमायझर पुढे तिचा आकडा करतो खरा, पण ॲरेचा प्रकार त्याआधीच ठरलेला असतो.

[दृश्य: एकच ओळ, पडदाभर]

एखादी राशी कॉन्स्टंट एक्स्प्रेशन आहे का, हे तपासणारी मार्टिन उएकर यांनी सुचवलेली ही ओळ सावकाश वाचण्यासारखी आहे. तपासायच्या राशीला शून्याने गुणून तिचा ‘व्हॉइड’ पॉइंटर केला जातो आणि प्रश्नचिन्हाच्या ऑपरेटरमध्ये तो ‘इंट’ पॉइंटरशेजारी बसवला जातो. मूळ राशी पूर्णांकी कॉन्स्टंट एक्स्प्रेशन असेल तर तो नल पॉइंटर कॉन्स्टंट (कशाकडेही न दाखवणारा पॉइंटर) ठरतो आणि उत्तराचा प्रकार ‘इंट’ पॉइंटर होतो. नसेल तर ‘व्हॉइड’ पॉइंटर. ‘साइझऑफ’ने त्यामागच्या प्रकाराचा आकार पाहिला की पहिल्या वेळी ४ आणि दुसऱ्या वेळी, ‘व्हॉइड’चा आकार १ मानण्याच्या जीसीसीच्या सवलतीमुळे, १ मिळतो. या तपासणीत काहीही प्रत्यक्ष मोजले जात नाही, आणि तपासणी स्वतःही कॉन्स्टंट एक्स्प्रेशनच राहते. नियम लिहिणाऱ्यांना असा उपयोग अभिप्रेत नसावा.

[दृश्य: मेकफाइलमधील एक ओळ]

या चाचणीच्या आधारे ‘मॅक्स’ नव्याने लिहिला गेला, आणि डिसेंबर २०१८च्या ४.२० आवृत्तीपासून व्हीएलए लिहिला की कंपायलर इशारा देतो.