बांदोल: उघडायची घाई नडते ती वाईन

[दृश्य: समुद्राकडे उतरत जाणाऱ्या दगडी ताली, त्यांवर द्राक्षवेली]

दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेय आणि तूलाँ या शहरांच्या मधला हा किनारा. डोंगरउतारावर दगड रचून माती अडवली आहे. आपल्याकडे याला ताल म्हणतात, इथे, म्हणजे प्रोव्हान्स प्रांतात, रेस्तांक. बांदोल हे इथल्या बंदराचं नाव आणि वाईनचंही. 1941 पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. निम्म्याहून जास्त बांदोल रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, असते, पण आपण बोलणार आहोत लाल बांदोलबद्दल.

[दृश्य: गडद निळा, दाटीचा घड, अगदी जवळून]

हे मूर्वेद्र, काळ्या द्राक्षाची एक जात. लाल बांदोलमध्ये ते किमान निम्मं लागतंच, बऱ्याच ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त असतं. सोबतीला ग्रनाश आणि सँसो या द्राक्षाच्या जाती. मूर्वेद्र उशिरा पिकतं. ऊन कमी पडलं की रस पातळ उतरतो आणि चवीला हिरवट राहतो. म्हणून त्याला ही दक्षिणेकडे तोंड केलेली, समुद्राजवळची जागा मानवते. तोडणी हातानंच करायची, असा नियम आहे.

नंतर किमान अठरा महिने लाकडात. बहुतेक जुन्या घराण्यांत ही मोठी, जुनी पिंपं असतात. लाकडाची चव उतरावी हा हेतू नाही. मूर्वेद्रला हवा कमी पडली तर विझलेल्या काडीसारखा, कधी उकडलेल्या अंड्यासारखा वास धरतो. लाकडातून हळूहळू झिरपणारी हवा तो आवरते.

[दृश्य: ग्लासात ओतली जाणारी वाईन]

नव्या बांदोलचा पहिला घोट कडकच. काळी बेरी, मिरी, सुकं थाईम, ओलं चामडं आणि मागून जांभळासारखा तुरटपणा, जो हिरड्यांना धरून राहतो. आठ-दहा वर्षांनी फळ मागे सरतं आणि जंगलातली ओली पानं, ज्येष्ठमध, मांसाचा रस्सा असे वास वर येतात.

नवी बाटली पिण्याआधी दोन-तीन तास रुंद तळाच्या काचेच्या भांड्यात ओतून ठेवा. नुसतं बूच काढून भागत नाही. बाटलीच्या मानेतून हवा लागते ती नावापुरती. जुन्या बाटलीचं उलट. ती आदल्या दिवशीच उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. मग हलक्या हातानं ओता आणि लगेच प्या, तासभर ठेवली तर वास उडून जातो.

तापमान 16 ते 18 अंश. ‘खोलीच्या तापमानाला द्या’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. मे महिन्यात पुण्यात तो पाळलात तर 14 टक्के अल्कोहोल नाकात जळजळतं आणि फळ लपून जातं. बर्फ घातलेल्या पाण्यात बाटली दहाएक मिनिटं बुडवली की काम होतं.

[दृश्य: मातीच्या भांड्यात मंद रटरटणारं मांस]

आता ताटाकडे. या तुरटपणाला चरबी आणि प्रथिनं लागतात, कारण तो लाळेतल्या प्रथिनांना धरतो. तोंडात मांस असलं की त्यालाही धरतो आणि जीभ मोकळी राहते. लसूण-थाईम लावून भाजलेली कोकराची तंगडी ही सगळ्यात सरळ जोडी.

दुसरी जोडी डोब, म्हणजे वाईनमध्ये मंद शिजवलेलं मांस. दीड किलो गोमांसाचे मोठे तुकडे रात्रभर लाल वाईनमध्ये कांदा, गाजर, तमालपत्र आणि संत्र्याच्या सालीच्या पट्टीसोबत मुरवायचे, मग साडेतीन-चार तास मंद आचेवर. खळाखळा उकळलं की मांस दोरीसारखं होतं. सालीमागचा पांढरा भाग राहिला तर रस कडवट होतो. काळे ऑलिव्ह शेवटच्या अर्ध्या तासात घालायचे, आधी घातले तर मीठ जास्त होतं. भांड्यात साधी लाल वाईन घाला. बांदोल ग्लाससाठी राखा.

मार्सेयच्या बुइयाबेस या माशांच्या रश्श्यासोबत मात्र ही वाईन नको. मासा आणि लाल वाईन यांतून तोंडात धातूची चव येते. तिथे बांदोलचीच रोझे घ्या. कोल्हापुरी तांबड्या रश्श्याचंही तसंच: मिरचीचा जाळ अल्कोहोलनं वाढतो आणि तुरटपणा बोचतो. त्यापेक्षा कमी तिखटाचं, सुक्या खोबऱ्यात परतलेलं मटण बरं.

अर्धी बाटली उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी अर्धा तास आधी बाहेर काढा. नवी बांदोल तेव्हा बहुधा आदल्या रात्रीपेक्षा मऊ लागते.