इकडील सर्व खुशाल

नमस्कार मंडळी. आयोजकांनी मला लढाईवर बोला म्हणून सांगितलंय. पण गेलं वर्षभर माझ्या डोक्यात दुसरंच काही चाललंय, आणि तेच मनापासून बोलता येईल. मी पत्रांबद्दल बोलणार आहे.

मी 1979 साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला भरती झालो, तेव्हा 18 वर्षांचा होतो. 2003 साली हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो, तेव्हा वय 42. फौजेत 'रिटायर' म्हणजे म्हातारा नव्हे. पोरं शाळेत असतात, कर्ज अर्धं फिटलेलं असतं. पुढं बँकेच्या दारात पंधरा वर्षं उभा राहिलो, आता शेती बघतो.

गेल्या वर्षी घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला आणि माझी काळी ट्रंक खाली आली. झाकणावर पांढऱ्या रंगात माझा नंबर आणि नाव. आत खताच्या पिशवीत, सुतळीनं बांधलेली माझी पत्रं. निळी आंतरदेशीय, सगळी तारीखवार. आमच्या मंडळींनी ठेवलेली. मोजली, 212 भरली. मला आलेलं मात्र एकही राहिलं नाही. वर पोस्टवर, म्हणजे फौजेच्या चौकीवर, कागद साठवायला जागा नसायची. घडीवर फाटेपर्यंत वाचायचं आणि स्टोव्हला लावायचं.

तेव्हापासून अधूनमधून दुपारी जेवण झालं की आम्ही एक पत्र वाचतो. मी वाचतो, ती ऐकते, आणि मग मी सांगतो की त्या दिवशी खरं काय झालं होतं. कारण पत्रात काहीच नाही हो! 'तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष. इकडील सर्व खुशाल.' पत्र आईच्या नावानं जायचं, गुरुजी ओसरीवर मोठ्यानं वाचायचे, चार शेजारी ऐकायचे. त्यात बायकोला काय लिहिणार? शेवटी एक ओळ, 'घरच्या मंडळींस सांगणे की तब्येतीस जपावे.' बास. घरून येणारं पत्रही तसंच. सांगायची आई, लिहायची ही. अक्षर हिचं, शब्द आईचे. ते अक्षरच मी वाचत बसायचो.

1988 सालचं एक पत्र आहे. मी तेव्हा सियाचीनला होतो. 1984 साली आपली फौज तिथं चढली, तेव्हापासून ती तिथं बसून आहे. बेस कॅम्पच बारा हजार फुटांवर. आमची पोस्ट त्याच्याही कितीतरी वर. बर्फ वितळवून पाणी करायचं. संत्रं दगडासारखं व्हायचं. रॉकेलच्या धुरानं थुंकी काळी पडायची. एकमेकांना दोर बांधून रांगेनं चालायचं, कारण बर्फाखाली भेग कुठं आहे ते दिसत नाही. त्याच महिन्यात माझ्या डाव्या पायाची दोन बोटं हिमदंशानं गेली. आणि पत्रात मी लिहिलंय, 'इकडे थंडी बेताची आहे. काळजी नसावी.' सुट्टीवर आलो तेव्हा हिनं दारात पायावर पाणी ओतलं, आणि तांब्या तसाच धरून उभी राहिली. विचारलं काहीच नाही. सासूबाई शेजारी होत्या ना.

आपल्या साताऱ्यातलं अपशिंगे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले, त्यांच्या नावानं तिथं शिला आहे. त्या घरांत वाचता येणाऱ्या बाया किती असतील? आपल्या माणसाचं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, आणि एक दिवस ते यायचं थांबायचं. मी त्या शिलेपुढं उभा राहतो तेव्हा मला त्या बायाच आठवतात. कुठल्या शिलेवर त्यांचं नाव नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या थंडीच्या पत्राच्या पुढचं पत्र आम्ही श्रावणात वाचलं. त्यात मी रागावलोय. घरून आलेलं पत्र लाल शाईनं लिहिलेलं होतं. लाल शाईनं पत्र लिहीत नाहीत, अपशकुन असतो. आणि अशा जागी असताना ते हातात पडलेलं. मी लिहिलंय, 'घरच्या मंडळींस सांगणे की एवढेही कळू नये काय. पुन्हा असे करू नये.' हेसुद्धा गुरुजींनी ओसरीवर मोठ्यानं वाचलं असणार.

मी वाचून थांबलो. म्हटलं, का गं, लाल शाई कशी काय?

ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "आत्यांचं पोटाचं ऑपरेशन होतं दुसऱ्या दिवशी. दवाखान्यात बसून लिहिलं. नर्सबाईंकडं तेवढंच पेन होतं."

आत्या म्हणजे माझी आई. पाटल्या मोडून पैसे भरले होते. आईनं शपथ घातली होती, तो वर बर्फात आहे, त्याला कळवायचं नाही. आई जाऊन आता अकरा वर्षं झाली. तीही कधी बोलली नाही. आणि त्या लाल शाईच्या पत्रात काय होतं, ते मला आजही तोंडपाठ आहे. 'तिकडील क्षेम कळवावे. इकडील सर्व खुशाल. म्हैस व्याली.'

मी विचारलं, आणि म्हैस?

"व्याली होती की. ते खरं होतं."

त्या दिवशी दुसरं पत्र काढलं नाही. अजून 90 शिल्लक आहेत. आता पत्र वाचून झालं की आधी ती सांगते, मग मी.