एका टायट्रेशनमधलं रसायनशास्त्र

उच्च माध्यमिकला रसायनशास्त्राचे नकळत तुकडे पडतात. भौतिक म्हणजे गणितं, सेंद्रिय म्हणजे अभिक्रियांचं पाठांतर, असेंद्रिय म्हणजे रंग आणि अपवाद. प्रॅक्टिकल तर वेगळाच विषय, वहीत रीडिंग उतरवण्यापुरता. हे तुकडे पुन्हा जोडायला एक प्रयोग पुरतो: ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून अभिक्रिया पूर्ण व्हायला नेमकं किती लागतं ते मोजणं. अट एकच. ब्युरेटची, म्हणजे खुणा केलेल्या उभ्या मापनळीची, तोटी उघडण्याआधी रीडिंग किती यायला हवं, ते कागदावर काढायचं.

सुरुवात तराजूपासून. ०.०५ मोलर (लिटरमागे ०.०५ मोल) ऑक्झॅलिक ॲसिड, २५० मिलि. इथे बाटलीवरचं सूत्र नीट वाचा. स्फटिकात प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून मोलर वस्तुमान १२६.०७, आणि वजन सुमारे १.५७६ ग्रॅम. पाणी विसरून ९० धरलंत तर १.१२५ ग्रॅमच घ्याल. द्रावण ०.०३६ मोलरच्या आसपास उतरेल आणि पुढे कितीही काळजी घेतली तरी उत्तर चुकेल.

आता इलेक्ट्रॉन मोजू. परमँगनेटमधल्या मँगेनीजचा ऑक्सिडीकरण अंक +७ वरून +२ वर येतो, म्हणजे तो ५ इलेक्ट्रॉन घेतो. ऑक्झॅलिक ॲसिडमधले दोन कार्बन +३ वरून +४ वर जातात, म्हणजे एक रेणू २ इलेक्ट्रॉन देतो. हिशेब जुळायला २ मोल परमँगनेटला ५ मोल ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. पिपेटने (ठरावीक माप उचलणाऱ्या नळीने) १० मिलि घेतलं तर ते ०.५ मिलिमोल, त्याला परमँगनेट ०.२ मिलिमोल. परमँगनेट ०.०२ मोलर असेल तर रीडिंग १०.० मिलि. मघाच्या चुकीच्या वजनाने तेच ७.१ आलं असतं. वहीत मात्र ब्युरेटवर दिसेल तेच लिहायचं. फरक पडला तर कारण शोधायचं, आकडा ओढूनताणून बसवायचा नाही.

कारणं बहुधा धुण्यात सापडतात. ब्युरेट परमँगनेटनेच विसळायची. आत पाणी राहिलं तर द्रावण पातळ होतं आणि रीडिंग वाढतं. पिपेट ऑक्झॅलिक ॲसिडने विसळायची. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. त्यात पाणी राहिलं तरी बिघडत नाही, कारण पाण्याने संहती बदलते, मोल बदलत नाहीत. तोच फ्लास्क ऑक्झॅलिक ॲसिडने विसळलात तर न मोजलेले मोल आत जातात. ज्याला हा फरक मनापासून पटला, त्याला मोल संकल्पना समजली असं मी मानतो. पिपेटच्या टोकाचा शेवटचा थेंब फुंकून काढू नका, तो सोडूनच तिचं माप ठरलेलं असतं. परमँगनेट गडद असल्यामुळे खालची वक्र कड दिसत नाही, म्हणून वरची पातळी वाचा, पण सुरुवातीला आणि शेवटी तीच.

फ्लास्कमध्ये १ मोलर सल्फ्युरिक ॲसिड १० मिलि घाला. समीकरणाप्रमाणे गरज ०.३ मिलिमोलची, आपण देतो १० मिलिमोल, आणि हे जाणूनबुजून. आम्ल कमी पडलं तर मँगेनीज +४ वरच अडकतो आणि मँगेनीज डायऑक्साइडचा तपकिरी गढूळपणा येतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड चालत नाही, कारण परमँगनेट क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण करतं आणि रीडिंग फुगतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक, तिथे रीडिंग घटतं.

मग फ्लास्क ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. उकळू देऊ नका, ऑक्झॅलिक ॲसिडचंच विघटन होऊ लागतं. पहिला थेंब पडल्यावर जरा थांबून पाहा. गुलाबी रंग रेंगाळतो, हलवत राहिलं की हळूहळू जातो. दुसरा थेंब त्याहून लवकर जातो, आणि थोड्याच वेळात थेंब पडताक्षणी विरू लागतात. तयार झालेले मँगेनीजचे +२ आयनच पुढच्या अभिक्रियेचे उत्प्रेरक बनतात. पुस्तकात स्वयंउत्प्रेरण म्हणून एका ओळीत उरकलेली गोष्ट ती हीच. खात्री हवी असेल तर दुसऱ्या फ्लास्कमध्ये आधीच मँगेनीज सल्फेटचा कण टाका, पहिलाच थेंब चटकन विरेल. घाईने सुरुवातीलाच धार सोडलीत तर पुन्हा तपकिरी रंग. फिका गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की थांबा.

आता फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिडऐवजी मोहर सॉल्ट (लोह आणि अमोनियमचा दुहेरी सल्फेट क्षार) आहे असं समजा. लोह +२ वरून +३ वर जातं, एकच इलेक्ट्रॉन, म्हणून प्रमाण १ ला ५. तापवायचं नाही, गरम द्रावणात हवेतला ऑक्सिजनच लोहाचं ऑक्सिडीकरण करतो आणि रीडिंग कमी येतं. मोलर वस्तुमान ३९२.१४. ०.१ मोलर द्रावण २५० मिलि करायला किती ग्रॅम लागतील, आणि त्यातल्या १० मिलिला ०.०२ मोलर परमँगनेट किती लागेल? दोन्ही आकडे आधी लिहा, मग तोटीला हात लावा.