राबायची तीच, पण पैसे कुणाच्या हातात?

नमस्कार मंडळी! शिवणयंत्र वाटपाचा फोटो तुम्ही पेपरात शंभरदा पाहिला असेल. हारतुरे घातलेले पाहुणे, मधे शिवणयंत्र आणि बाजूला पदर सावरत उभी असलेली एक विधवा बाई. मला दरवेळी एकच विचारावंसं वाटतं: यंत्र दिलंत, गिऱ्हाईक कोण देणार?

काम विधवेला नवीन नाहीच हो. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या ब्राह्मण घरातली, केशवपन केलेली, आलवण (विधवेचं तांबडं लुगडं) नेसलेली बाई डोळ्यांसमोर आणा. सोवळ्यातला स्वयंपाक तिच्याकडे, पापड-कुरडया तिच्याकडे, बाळंतिणीची उस्तवारही तिच्याकडे. (कष्टकरी जातींत केशवपन नव्हतं, पाटही (विधवेचं दुसरं लग्न) लागायचा, पण ती गोष्ट वेगळी.) एवढं राबूनही घरचे म्हणणार, 'आम्ही पोसतो हिला.'

आता पार्वतीबाई आठवले बघा. धोंडो केशव कर्व्यांची मेहुणी, विशीत विधवा झालेली. कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या आश्रमात त्या शिकल्या, तिथेच कामाला लागल्या, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. १९१८ साली, पन्नाशी जवळ आलेली असताना, इंग्रजी शिकायला थेट अमेरिकेला! तिथे पोटासाठी लोकांच्या घरी घरकाम केलं. म्हणजे फिरून तेच काम की! फरक इतकाच, की आता त्याचे पैसे मिळत होते.

आणि १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथून विधवा नर्स झाल्या, सुइणी झाल्या. मला हे पापड-लोणच्यापेक्षा फार मोठं वाटतं. बारशाला जिचं तोंड नको, तीच आता बाळंतपणाला हवी, आणि तीही पगार देऊन!

आजचं बघू. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. उत्तमच झालं. पण तिकडे विदर्भात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको दिवसभर कापूस वेचते, आणि सातबारा सासऱ्याच्या नावावर असला तर पीककर्जासाठी तिला त्यांच्याच सहीची वाट बघावी लागते.

तर तुमच्या गावात पुढचं शिवणयंत्र वाटप असेल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. मग आयोजकांना बाजूला घेऊन विचारा, झेडपीच्या शाळेचे गणवेश यंदा कोण शिवतंय, आणि नगाला काय भाव देताय?